आजीची युरोबॅग, परळची बाटली आणि आपले हात

या एपिसोडमध्ये मागे खडखड ऐकू येत असेल तर सांभाळून घ्या. अर्धा भाग मी दिवा-रोहा गाडीत रेकॉर्ड केलाय, पेण सुटल्यावर. खाली जे वाचताय ते त्याच एपिसोडचं लिखित रूप आहे. माझे "म्हणजे", "ॲक्च्युअली" आणि एका काकांचा फोन कॉल काढून टाकलाय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आधी डिस्क्लेमर. मी डॉक्टर नाही. लोणेरेहून बीटेक केलं, ऐरोलीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो, घर रोह्याला. या विषयात मी पडलो ते आजीमुळे.

आजी म्हणजे आईची आई. ती मामाकडे असते, हमरापूरला. पेणचं हमरापूर म्हटलं की कळलं असेलच, मामाचा गणपतीचा कारखाना आहे. गेल्या आषाढात, म्हणजे ऐन सीझनला, आजी मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन एका मोठ्या हॉस्पिटलात झालं. नाव सांगणार नाही, आणि का सांगणार नाही ते पुढे कळेल. ऑपरेशन फर्स्ट क्लास झालं. दुसऱ्या दिवशी आजी चहा मागत होती. आठव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला, आणि रात्री ती माझा हात धरून मला आजोबांच्या नावाने हाका मारायला लागली.

आम्हाला वाटलं, वयामुळे भ्रम झाला. डॉक्टर म्हणाले, लघवी कल्चरला पाठवू. म्हाताऱ्या माणसांत इन्फेक्शनची पहिली खूण कधी कधी अशीच असते, ताप नंतर आणि बडबड आधी. हे आम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.

रिपोर्ट आला: ई. कोलाय. खाली अँटिबायोटिकची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर, एस किंवा आर. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्याला जुमानत नाही. आजीच्या रिपोर्टवर आर, आर, आर, आर अशी रांग होती. अगदी फेल झालेल्या टेस्ट केसेससारखी. एस फक्त शेवटच्या काही नावांपुढे.

आजी हाड मोडून हॉस्पिटलात गेली होती. हा जंतू तिला तिथे लागला. याला हॉस्पिटलमध्ये होणारं इन्फेक्शन म्हणतात आणि ते काही दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात आकडा आहे: भरती झालेल्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असं किमान एक इन्फेक्शन होतं. म्हणजे आपल्याकडे साधारण सातात एक. दिवा-रोहा गाडीच्या एका बाकड्यावर समोरासमोर बसलेली माणसं मोजा, तेवढ्यात एक जण निघाला.

हा जंतू आला कुठून? ऑपरेशननंतर आजीला लघवीची नळी लावली होती, कॅथेटर. ती नळी मूत्राशयात जाते आणि बाहेर युरोबॅगला जोडलेली असते. शरीराचं एरवी बंद असणारं दार या नळीमुळे चोवीस तास उघडं राहतं. आतड्यातले जंतू, जे आतड्यात कुणाला त्रास देत नाहीत, ते नळीच्या बाहेरच्या बाजूने वर चढतात, किंवा पिशवी रिकामी करताना आतून शिरतात. मग नळीला चिकटून चिकट थर बनवतात. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला बुळबुळीतपणा येतो ना, तसाच. या थराच्या आत औषध नीट पोचत नाही.

आता माझ्या आवडीचं गणित. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडण्याची शक्यता रोज ३ ते ७ टक्क्यांनी वाढते, असं हा विषय अभ्यासणारे सांगतात. मधला ५ घ्या. दोन दिवसांत नळी काढली तर शक्यता १० टक्क्यांच्या आत. नवव्या दिवशी ३७ टक्के. जंतू सापडला म्हणजे प्रत्येकाला ताप येतोच असं नाही, पण लॉटरीची तिकिटं तुम्ही रोज घेत असता. आजीची नळी नवव्या दिवशी काढली. तिसऱ्या दिवसानंतर ती का ठेवली होती, हे आम्ही विचारलं नाही आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही. खरं सांगू? आम्हाला ती सोयीची वाटत होती. आजीला उठवायला नको, बेडपॅन नको.

आणि एक ई. कोलाय, चांगलं खायला आणि ऊब मिळाली, तर २० मिनिटांत दोन होतात. आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट. दोनाचा चोविसावा घात काढा: १ कोटी ६७ लाखांच्या वर. शरीरात इतकं बिनबोभाट होत नाही, पण रात्री झोपताना बरी असलेली आजी सकाळी अशी का झाली, त्याची कल्पना येते.

पुढची गोष्ट मी दोन महिने कुणाला सांगितली नव्हती. चौथ्या दिवशी आजीला एक्स-रेला नेत होते. वॉर्डबॉय एकटा, मी मदतीला. स्ट्रेचरवर घेताना युरोबॅग लोंबकळत होती, म्हणून मी ती उचलून आजीच्या पोटावर ठेवली. नीटनेटकं दिसावं म्हणून! लिफ्टला गर्दी होती, दहा-पंधरा मिनिटं ती तशीच होती. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली हवी, नाहीतर नळीत साचलेली लघवी उलटी आत जाते. बऱ्याच पिशव्यांना उलटा प्रवाह अडवणारी झडप असते, पण नळीत अडकलेल्याचं काय? पिशवी जमिनीला टेकताही कामा नये. हे मी नंतर वाचलं.

मग माझ्यामुळे झालं का? की नळी बसवताना? की मावशी एकाच भांड्यात तीन पेशंटच्या पिशव्या रिकाम्या करत होत्या, त्यामुळे? की कारखान्यातून थेट आलेल्या मामाने मातीच्या हातांनी आजीची चादर सारखी केली, तेव्हा? (मामा म्हणतो, धुतले होते. मामाच्या नखातला रंग गौरी-गणपतीपर्यंत जात नाही, हे सगळ्या पेणला माहीत आहे.) उत्तर मिळालं नाही, मिळणारही नाही. प्रॉडक्शनमध्ये बग आला की आम्ही लॉग उघडून बघतो. हाताला लॉग नसतो. म्हणून हॉस्पिटलचं नाव नको.

हे सगळं डोक्यात असताना मला एक जुनी केस सापडली. मुंबईतली, परळची. सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, पण आमच्या टीमला मी ती इन्सिडेंट रिव्ह्यू म्हणून सांगितली तर कुणाला जुनी वाटली नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन नावाचे जंतुशास्त्रज्ञ सरकारने मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःलाच टोचून घेतली. गंमत म्हणजे जंतू वाढवायला ते मटणाच्या पाण्यासारख्या रश्शावर तुपाचे थेंब सोडत; त्या थेंबांखाली जंतू झुंबरासारखे लटकून वाढत. मग उष्णतेने ते मारायचे, वर कार्बोलिक ॲसिड घालायचं, बाटल्या भरायच्या. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट तीच.

पंजाबातून लसीची मागणी प्रचंड वाढली, तेव्हा हाफकिननी पद्धत बदलली. नव्या पद्धतीत उष्णता होती, कार्बोलिक नव्हतं, कारण उष्णता पुरेशी आहे असा त्यांचा हिशोब होता. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यातली एक बाटली, नंबर ५३-एन, ज्या १९ जणांच्या वाट्याला आली ते सगळे धनुर्वाताने गेले. बाकीच्या बाटल्यांमधून टोचलेल्यांना काहीही झालं नाही.

चौकशी बसली. अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. निष्कर्ष असा की बाटली परळलाच दूषित झाली असणार, कारण तिथे कार्बोलिक वगळलं होतं. हाफकिनना कामावरून दूर केलं.

पण मुल्कोवालच्या मैदानात त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवायला हवा होता. तो कार्बोलिकच्या द्रावणात बुडवून तसाच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात, आणि तेही बीजाणूंच्या रूपात. बीजाणू म्हणजे जंतूने घातलेलं चिलखत. असलं झटपट बुडवणं त्यांना काही करत नाही. शिवाय बाटली भरून चाळीसएक दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू तेवढा काळ आत वाढत असते तर बूच काढताच घाण वास सुटला असता. उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता.

हे मुद्दे पुढे आणायला मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांना लंडनच्या टाइम्समध्ये पत्रांवर पत्रं लिहावी लागली. जुलै १९०७ च्या एका पत्रावर दहा जणांच्या सह्या होत्या. त्या वर्षाच्या शेवटी हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. तिला त्यांचं नाव १९२५ मध्ये दिलं.

चिमटा पाडणाऱ्या मदतनिसाकडे मी फार वेळ बघत राहिलो. गावात प्लेगची भीती, समोर रांग, उघडं मैदान, हातात एकच चिमटा. माझ्यासमोर पण लिफ्टची गर्दी होती. त्याला दोष देऊन काय मिळतं? दुसरा चिमटा तयार ठेवला असता तर? एका बाटलीतून इतक्यांना टोचायची वेळच आली नसती तर? आज इंजेक्शनच्या बाटलीला रबराचं बूच असतं, ते उघडतच नाही, स्पिरिटने पुसून सुई आत जाते. माणसाची चूक होणारच, हे धरून केलेलं डिझाइन आहे ते.

माझा आतेभाऊ धाटावच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे. तो म्हणाला, आमच्याकडे टाकीत माणूस उतरवायचा तर परमिट लागतं, चेकलिस्टवर एकेक टिक, आणि एक जरी राहिली तरी सगळ्यात ज्युनियर पोरगा काम थांबवू शकतो. अगदी हेच अमेरिकेत पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरने आयसीयूत केलं. मोठ्या शिरेत नळी टाकताना पाच गोष्टी: हात धुवा, त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसा, पेशंटला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाका, जांघेतली शीर शक्यतो टाळा, गरज संपली की नळी काढा. आणि पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं. मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये हे केलं. २००६ मध्ये आकडे छापून आले: हजार नळी-दिवसांमागे इन्फेक्शनचा मध्यांक २.७ होता, तीन महिन्यांत शून्यावर आला. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. मला यातली सगळ्यात अवघड पायरी शेवटची वाटते, नर्सने डॉक्टरला थांबवण्याची. आपल्याकडे तर जास्तच.

हात धुण्याची व्हिएन्नाच्या सेमेलवाइसची गोष्ट तुम्ही रील्समध्ये दहा वेळा पाहिली असेल, ती सोडतो. इतकंच सांगतो की त्याला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा आरोग्य कर्मचारी हात स्वच्छ करायला हवेत तिथे सरासरी ४० टक्क्यांहूनही कमी वेळा करतात असं दिसलं. [ऑडिओत मी इथे "साठ टक्के" म्हणालोय, ती चूक. साठ टक्के वेळा करत नाहीत.] यात आळसापेक्षा वेळेचा भाग मोठा आहे. साबणाने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, बेसिन वॉर्डच्या टोकाला. एका सिस्टरकडे तीसेक पेशंट असतील तर तिने दिवसभर फक्त चालायचं का? म्हणून तर बेडजवळ हँडरबची बाटली आली. ते २० ते ३० सेकंदांत होतं. फक्त लक्षात ठेवा, हात दिसायला मळलेले असतील तर हँडरब उपयोगाचा नाही, आणि वर सांगितलेल्या चिलखतवाल्या बीजाणूंवरही अल्कोहोल चालत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच.

ग्लोव्ह्जबद्दल एक. ग्लोव्ह्ज घातलेला हात स्वच्छ असतो असं आपल्याला वाटतं. तोच ग्लोव्ह घालून या पेशंटची पिशवी, मग रजिस्टर, मग खिशातला मोबाइल, मग पुढचा पेशंट. मामाच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर त्या वेळी दुसऱ्या कशाला हात लावत नाही, फोन वाजला तरी नाही. तसं हवं.

आणि फोनचा विषय निघालाच आहे तर आपलं बोलू. पेशंटला बघायला गेल्यावर आपण काय करतो? फोन पेशंटच्या गादीवर ठेवतो, फोटो काढतो, आजीला व्हिडिओ कॉल लावून हातात देतो, तोच फोन कँटीनच्या टेबलावर, तोच जेवताना. हात आपण धुतो तरी, फोन कोण धुतं? वॉर्डात फोन खिशात ठेवा, बाहेर आल्यावर ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने पुसा.

आता ती आर-आर-आरची रांग. औषधाला न जुमानण्याची युक्ती जंतू एकमेकांना देतात. प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं वर्तुळ असतं, ते एका जंतूतून दुसऱ्यात जातं, दुसऱ्या जातीच्या जंतूतसुद्धा. पेनड्राइव्ह समजा. २०१० मध्ये एनडीएम-१ नावाच्या जनुकाचा गाजावाजा झाला होता, हे जनुक कार्बापेनेम गटाची अगदी राखीव औषधं निकामी करतं. नावात दिल्ली आहे म्हणून राजकारण पेटलं. पण लॅन्सेटमधला तो गाजलेला लेख यायच्या आधी, त्याच वर्षी, मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी स्वतःच छापलं होतं: कार्बापेनेमला न जुमानणारे २४ नमुने तपासले, २२ मध्ये एनडीएम-१ सापडलं. आपल्याच घरातला कचरा आपणच दाखवायला हिंमत लागते. आजीचं नशीब, तिच्या जंतूवर कार्बापेनेम चाललं. दिवसातून तीन इंजेक्शनं, आणखी अकरा दिवस. बिलाचं सांगत नाही, मामाने सीझनचे पैसे त्यात घातले.

पेण-रोह्याच्या माणसांसाठी आता एक खास गोष्ट. आपला पेशंट एका ठिकाणी थांबत नाही. रोह्याहून अलिबाग, अलिबागहून पनवेल, तिथून मुंबई, मग बरा होऊन परत गावच्या दवाखान्यात ड्रेसिंगला. जंतूही तोच प्रवास करतो, आणि फाइल बहुतेक वेळा पिशवीच्या तळाशी असते. म्हणून कल्चर रिपोर्टचा फोटो काढून फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि पुढच्या ठिकाणी गेल्या गेल्या, कुणी विचारायच्या आधी, सांगा की मागे असा जंतू निघाला होता. पुढचे डॉक्टर औषध त्यावरून निवडतात, आणि शक्य असेल तर बेडही वेगळा देतात.

एपिसोडच्या आधी मी स्टेटसला प्रश्न मागवले होते. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: "सिस्टरला हात धुवा असं कसं सांगायचं? चिडतील ना." चिडतातही. मी "हात धुतले का?" विचारून एकदा चांगला ओरडा खाल्लाय. आता मी असं म्हणतो: "सिस्टर, आजीला मागच्या वेळी इन्फेक्शन झालं होतं, आम्ही घाबरलोय. हा हँडरब इथे ठेवू का?" आणि आधी स्वतः लावतो. अजून कुणी चिडलेलं नाही. दुसरा प्रश्न रोज राउंडला विचारायचा: "डॉक्टर, नळीची आज गरज आहे का?" सलाइनच्या सुईबद्दलही तेच. आणि पिशवी रिकामी करायला येतील तेव्हा भांडं आपल्या पेशंटचं वेगळं असावं, नळाचं टोक भांड्याला लागू नये, एवढं बघा.

आजी आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येते. मागच्या महिन्यात तिला पेणला एका डॉक्टरांकडे दाखवायला नेलं, पायावरच्या जखमेसाठी. मी फोनमधला रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो मोठा करून दोनदा वाचला, खुर्चीवरून उठले, हात धुतले आणि नवे ग्लोव्ह्ज काढले. आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना काय दाखवलंस रे? एकदम जावयासारखं वागवायला लागले मला."